आवाज कुठवर जातो

संभाजीराजांवरचा 'छावा' १४ फेब्रुवारी २०२५ला पडद्यावर आला आणि पुढचे काही आठवडे घराघरांत संगीताची चर्चा झाली. मला याचं विशेष वाटलं. एरवी सिनेमा पाहून आलेला माणूस नटांबद्दल बोलतो, लढायांबद्दल बोलतो, फार तर एखादं गाणं गुणगुणतो. पार्श्वसंगीत हा शब्द सहसा कुणाच्या तोंडी येत नाही. या वेळी मात्र गाण्याशी फारसा संबंध नसलेली माणसंही सांगत होती की डोळ्यांना सगळं पटलं, कानांना पटलं नाही. माझ्या मामेबहिणीने मध्यंतरातच निरोप पाठवला, "राजे दिसतायत गं, पण ऐकू येत नाहीयेत."

लेझीम खेळतानाचं दृश्य आक्षेपांनंतर काढून टाकण्यात आलं आणि तो वाद मिटला. संगीताचा वाद असा कात्रीने मिटणारा नव्हता. ए. आर. रहमानचं संगीत या कथेला आणि त्या काळाला शोभत नाही, असं म्हणणारे लोक दोन कारणं देत होते. संगीतकार मराठी मातीतला हवा होता, आणि वाद्यं मराठी हवी होती.

मला त्यांची तक्रार खरी वाटते. कारणं मात्र पटत नाहीत. आणि खऱ्या तक्रारीला चुकीची कारणं चिकटली, की पुढचा सिनेमा त्या कारणांवरच इलाज करतो. चार हलग्या वाढवतो, दोन तुताऱ्या वाढवतो, आणि दुखणं होतं तिथेच राहतं. म्हणून थोडं थांबून विचार करावासा वाटतो की साडेतीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आपण ऐकतो तेव्हा कानाला नेमकं खटकतं काय?

संगीतकाराच्या मातृभाषेचं कारण लगेच बाजूला ठेवता येतं. शंकर-एहसान-लॉय या तिघांनी 'कट्यार काळजात घुसली' या २०१५च्या सिनेमात जितेंद्र अभिषेकींच्या १९६७च्या नाटकातल्या चालींशेजारी स्वतःच्या नव्या चाली ठेवल्या आणि तो शेजार जमला. खुद्द रहमानने 'लगान' केला तेव्हा १८९३ सालचं कच्छकडचं खेडं उभं करायचं होतं. तिथे कुणालाही त्याचं परकेपण जाणवलं नाही. तो 'लगान' मी पुढे पुन्हा काढणार आहे, कारण तोच माणूस एका ठिकाणी जिंकतो आणि दुसऱ्या ठिकाणी अडखळतो, तेव्हा शिकण्यासारखं बरंच असतं.

वाद्यांचं कारण जास्त वजनदार वाटतं, पण कालगणनेसमोर ते टिकत नाही. पेटी पॅरिसमध्ये १८४०च्या सुमारास जन्मली. मांडी घालून बसून, एका हाताने भाता हलवत वाजवायची आपली पेटी कोलकात्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडली. तबल्याचा स्पष्ट पुरावा अठराव्या शतकातला. म्हणजे शिवकाळावरच्या सिनेमात पेटीचा एकही सूर लागायला नको, तबल्यावर एकही बोल उमटायला नको. व्हायोलिनच्या ताफ्याचं तर नावच नको. हा निकष लावला तर भालजी पेंढारकरांच्या ऐतिहासिक सिनेमांना आपण जे संगीत मनापासून लावून घेतलं ते बाद होतं. 'अमर भूपाळी'ही बाद होतो, कारण वसंत देसाईंचा वाद्यवृंद होनाजीच्या फडात नव्हता. आणि ज्या ढोल-ताशाची मागणी होते, त्याचं आज आपण ऐकतो ते रूप, एका मापाचे पन्नास ढोल आणि एका पोशाखातली मुलं-मुली, हे गणेशोत्सवातलं रूप गेल्या काही दशकांतलं आहे. ते मला आवडतं. पण ते ऐकून डोळ्यांसमोर लक्ष्मी रस्ता येतो, रायगड येत नाही.

शिवकाळात काय वाजत होतं हे आपल्याला अगदीच माहीत नाही असं नाही. अफझलखानाच्या वधावरचा अगिनदासाचा पोवाडा आपल्यापर्यंत पोचलेला आहे. त्यामागे डफ आणि तुणतुणं होतं. गोंधळात संबळ होतं. भजन-कीर्तनात टाळ, मृदंग आणि वीणा होती. गडावर नगारखाना होता, फौजेत शिंगं आणि कर्णे होते. एवढी शिदोरी एका संगीतकाराला पुरेशी आहे. पण एवढ्याच वाद्यांत एखादं गाणं बसवलं म्हणून ते त्या काळचं वाटेल याची खात्री नाही. डफ वाजवूनही गाणं आजचं राहू शकतं. पेटी लावूनही ते जुनं होऊ शकतं.

शिवाय 'हे मराठी वाटत नाही' असं म्हणणारा आपला कान कुणी घडवला, हेही विचारायला हवं. १९७४ साली राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली, तेव्हा 'शिवकल्याण राजा' ही ध्वनिमुद्रिका निघाली. हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, लताबाईंचा आवाज, बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. रामदासांपासून सावरकरांपर्यंतचे शब्द. आमच्या घरात शिवाजी महाराज प्रथम आले ते याच वाटेने. शाळेच्या पुस्तकातले महाराज नंतरचे. त्या गाण्यांमागे जो भरदार वाद्यमेळ आहे तो सतराव्या शतकातला नाही, हे कळायला संगीताचं शिक्षण लागत नाही. तरीही १६७४ची आमच्या कानातली आठवण १९७४ची आहे, आणि त्या आठवणीशी न जुळणारं काही ऐकलं की कान आक्रसतो. ही आठवण खोटी आहे असं मी म्हणणार नाही, ती आमची आहे. पण तिच्यावरून काळाची परीक्षा करता येणार नाही.

सिनेमाने घडवलेल्या अशा आठवणीचं सगळ्यात थोर उदाहरण 'संत तुकाराम'चं आहे, आणि तिथे मला जरा रेंगाळायचं आहे. प्रभातचा हा १९३६चा सिनेमा, दामले-फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, केशवराव भोळ्यांचं संगीत, आणि तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस, जे स्वतःच गायले. मुंबईत तो वर्षभराहून अधिक काळ चालला, व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. 'आधी बीज एकले' हे पद त्यातलं. ते तुकोबांचं नाही. शांताराम आठवल्यांनी ते सिनेमासाठी लिहिलं. पण लोकांनी ते तुकोबांचंच मानलं, जाणकारांनी गाथेत शोधलं, आणि आज भजनी मंडळं ते निःशंकपणे अभंगांच्या रांगेत म्हणतात. विसाव्या शतकातल्या एका कवीचे शब्द आणि एका संगीतकाराची चाल सतराव्या शतकात जाऊन बसली आणि कुणी तिला उठवलं नाही.

हे साधलं कसं? भोळ्यांनी संशोधन करून देहूच्या त्या वेळच्या चाली शोधल्या म्हणून नव्हे. त्या शोधायला जागाच नव्हती. साधलं याचं कारण, पागनीस ज्या पद्धतीने गातात ती पद्धत. ते गाताना कुणाला काही ऐकवत नाहीत. समोर माणसं आहेत की नाहीत याची त्यांना फिकीर नाही. आवाज तापवून, तान घेऊन, समेवर येऊन ते थांबत नाहीत. विठ्ठल समोर आहे आणि त्याच्याशी बोलणं चाललं आहे, एवढाच त्या गाण्याचा पल्ला. आणि याच्या उलट टोकाला सिनेमाने सालोमालो ठेवला आहे. तो तुकोबांचे अभंग चोरून स्वतःचे म्हणून मिरवतो, आणि गातो तेव्हा हातवारे करून, नाटकी ढंगात, श्रोत्यांकडे पाहत गातो. शब्द तेच. पण त्याच्या तोंडी ते लगेच खोटे होतात. कुणी पात्र येऊन आपल्याला सांगत नाही की हा भोंदू आहे, कान सांगतो.

मला हे फार विलक्षण वाटतं. संगीत नाटकाचा तो ढंग विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. सतराव्या शतकात तो नव्हताच. म्हणजे काळाला न शोभणारं गाणं या सिनेमातही आहे, आणि ते मुद्दाम खोट्या माणसाच्या गळ्यात घातलेलं आहे. भोळे 'एकलव्य' या नावाने संगीतावर टीकालेख लिहीत. गाणाऱ्याने गाण्यापुढे उभं राहू नये ही त्यांची तळमळ. ती इथे पात्ररचनेत उतरली.

तर मग काळ गाण्यात कुठे असतो? मला वाटतं तो अंतरात असतो. गाणारा कुणासाठी गातो, तो ऐकणारा किती दूर आहे, आणि मधल्या जागेत काय आहे, यात काळ असतो.

१९२५च्या सुमारास विजेच्या मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि माणसाच्या इतिहासात पहिल्यांदाच हजारो लोकांच्या कानात एकाच वेळी कुजबुजता येऊ लागलं. त्याआधी कुजबुज ज्याच्या कानात करायची त्याच्यापुरतीच होती. त्याआधीच्या प्रत्येक गळ्याला अंतर ठाऊक होतं. शाहीर पहिला सूर वर का लावतो? कारण जत्रेच्या शेवटच्या रांगेतला माणूस अजून पानसुपारी खात गप्पा मारतो आहे आणि त्याला वळवायचं आहे. झीलकरी मागून त्याचा सूर उचलून का धरतात? कारण एकट्याच्या छातीत तेवढी हवा राहत नाही. कीर्तनकार शब्द दोन-दोनदा का म्हणतो? खांबाआडच्या बाईला पहिल्यांदा कळला नसेल म्हणून. या सगळ्या लकबी आपण शैली म्हणून ओळखतो, पण त्या मुळात अंतर कापायच्या युक्त्या आहेत. रायगडावर राजसदरेत गाइड आजही दाखवतात, सिंहासनाच्या जागी बोललेलं नगारखान्याच्या दारापाशी ऐकू येतं. ज्या काळात इमारतींनाही आवाज पोचवायचं काम करावं लागत होतं, त्या काळातला माणूस गाताना ओठांपाशी कुजबुजत नसणार.

इथे कुणी म्हणेल की तेव्हाही हळू गाणं होतंच. होतं, आणि मी ते ऐकलेलं आहे. माझी आजी जात्यावर बसायची तेव्हा घर झोपलेलं असायचं. ओवी म्हणताना तिचा आवाज माजघराच्या बाहेर जात नसे. पण ते गाणं हळू असलं तरी नाजूक नव्हतं. खुंटा पुढे ढकलताना श्वास सुटायचा, ओढून घेताना भरला जायचा, आणि ओवीची ओळ त्या श्वासावर बरोबर तुटायची. मूठभर जोंधळे घालायला हात थांबला की ओवीही थांबायची. ऐकणारं म्हटलं तर कुणी नव्हतं, आणि म्हटलं तर माहेरचा भाऊ होता, पंढरीचा विठ्ठल होता, जातं स्वतः होतं. कधीकधी समोर बसलेली काकू दुसरी ओवी म्हणायची. त्या आवाजात देहाचे कष्ट ऐकू यायचे. आजचा गायक स्टुडिओत मायक्रोफोनच्या दोन इंचांवर जो हळू आवाज लावतो, त्यात देह नसतो. श्वास असतो, पण तो सजावटीचा.

आता 'छावा'तल्या प्रेमगीताकडे येते. संभाजीराजे आणि येसूबाई यांच्यावरचं, अरिजित सिंहच्या आवाजातलं ते गाणं वेगळं काढून ऐकलं तर गोड आहे. अरिजितचा गळा तर या कुजबुजीचा आजचा राजाच. पण ते गाणं सुरू झालं की माझ्यासमोरचा वाडा नाहीसा होतो. हे गाणं कुणाचं आहे? राजांच्या मनातलं? येसूबाईंच्या? की बाहेर उभ्या असलेल्या कुणाचं? ते कुठे गायलं जातंय? त्याला ना भिंती आहेत, ना ओसरी, ना दाराशी उभी असलेली दासी. आजच्या कुठल्याही शहरातल्या, कुठल्याही दोन माणसांच्या कानातल्या इअरफोनमधलं ते गाणं आहे. रहमान तमिळ आहे म्हणून ते परकं झालं नाही. गाण्याला जागा नाही म्हणून झालं.

आणि म्हणूनच 'लगान' आठवतो. तिथे ढग दाटून येतात आणि अख्खं गाव वर पाहत गायला लागतं. एकजण ओळ टाकतो, दुसरा उचलतो, तिसरी बाई घराच्या दारातून त्यात शिरते. गाणं कुणासाठी आहे? आभाळासाठी. किती दूर पोचवायचं आहे? तिथवर. १८९३ साली तिथल्या खेड्यात असं गात होते का, हे विचारायचं सुचतही नाही, कारण पावसाची वाट पाहणाऱ्या माणसाचा गळा कुठल्याही शतकात असाच उघडेल. त्या गाण्यामागची वाद्यं शोधायला गेलं तर कालगणनेचे अपराध तिथेही निघतील. कानाने ते माफ केले, कारण गाण्याला उभं राहायला शेत होतं आणि ऐकणारा ढग होता.

'मुघल-ए-आझम' हे याहून गुंतागुंतीचं प्रकरण. अकबराच्या दरबारात तानसेन गायचा तो ध्रुपद. १९६०च्या सिनेमात नौशादनी तानसेनाचा आवाज म्हणून बडे गुलाम अली खाँसाहेबांना आणलं. एका गाण्याचे २५,००० रुपये खाँसाहेबांनी मागितले आणि के. आसिफने ते आनंदाने दिले, ही हकीकत आजही सांगितली जाते. खाँसाहेबांचं गाणं ख्यालाचं आणि ठुमरीचं, अकबरानंतर कितीतरी पिढ्यांनी बहरलेलं. संगीताच्या इतिहासाचा विद्यार्थी इथे हात वर करेल आणि त्याचं बरोबरच असेल. पण त्या प्रसंगात सलीम आणि अनारकली रात्रीच्या बागेत आहेत आणि गाणं दुरून येतं. कुठेतरी तानसेन रियाझ करतो आहे. तो या दोघांसाठी गात नाही, ते त्याच्यासाठी तिथे बसलेले नाहीत. मधल्या जागेतून तो आवाज तरंगत येतो आणि त्या प्रेमाला आडोसा देतो. एवढं अंतर राखलं की ते ध्रुपद नव्हे हे मी विसरते.

आणि शीशमहालातलं गाणं! भरदरबारात, बादशहासमोर अनारकली निर्भयपणे गाते, आणि तिचा आवाज आरशांवरून आदळून परत येतो. तेव्हा प्रतिध्वनी देणारी यंत्रं हाताशी नव्हती, म्हणून नौशादनी लताबाईंना स्टुडिओतल्या न्हाणीघरात उभं करून त्या ओळी गायला लावल्या असं सांगतात. मला या गोष्टीत सगळं शहाणपण दिसतं. राग, ताल, वाद्यं यांच्या आधी त्या माणसाने खोलीचा विचार केला. इतक्या काचा असलेल्या दालनात आवाजाचं काय होईल? बंडखोर पोरीचा आवाज परत तिच्याच कानावर आला तर तिला कसं वाटेल? प्रेक्षकाला हे प्रश्न माहीत नसतात. पण त्यांची उत्तरं मिळालेली आहेत हे त्याला कळतं.

खय्यामनी 'उमराव जान'साठी (१९८१) दुसराच रस्ता धरला. आशाबाईंनी नेहमीच्या पट्टीपेक्षा खाली गावं असा त्यांचा आग्रह होता. आशाबाईंना आधी ते मानवेना, आणि नंतर तोच आवाज त्यांना राष्ट्रीय पुरस्कार देऊन गेला. लखनौच्या कोठ्यावर, मोजक्या रसिकांच्या मैफलीत, तक्क्याला टेकलेल्या माणसापर्यंत पोचायला उंच पट्टी लागतच नाही. तिथे सगळं काम शब्दावर जोर कुठे द्यायचा यात आहे. सिनेमातल्या नायिकेचा नेहमीचा उंच, चमकता सूर तिथे चालला नसता. वाद्यं तीच ठेवून केवळ पट्टी बदलल्याने काळ बदलू शकतो, हे मला खय्यामांमुळे कळलं.

'बाजीराव मस्तानी'तल्या पिंग्याबद्दल २०१५ साली बराच गदारोळ झाला. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या असतील का, पेशव्यांच्या घरातल्या स्त्रिया असं नाचतील का, वंशजांनीही आक्षेप घेतला. मला त्यातली दुसरी एक गोष्ट जास्त बोचली. पिंगा हा मंगळागौरीचा खेळ आहे. त्यात बायका एकमेकींकडे पाहतात. गाणं म्हणता म्हणता धाप लागते, ओळ अर्धवट राहते, दुसरी ती पुरी करते, कुणीतरी हसून खाली बसते. खेळणाऱ्या आणि पाहणाऱ्या अशा दोन बाजूच नसतात. पाहणारीलाही मध्ये ओढतात. भन्साळींच्या पडद्यावर त्या दोघी आणि त्यांच्यामागच्या साऱ्याजणी समोर पाहतात, कॅमेऱ्याकडे. गाण्यात धाप नाही. घरातला खेळ रंगमंचावर गेला आणि त्यासरशी अठरावं शतक निघून गेलं. नऊवारीचे रंग, नथी, दिवे सगळं जागेवर असूनही.

इथवर मी पात्रांच्या गाण्याबद्दलच बोलले. पण सिनेमात आणखी एक संगीत असतं, जे पात्रांना ऐकू येत नाही, फक्त आपल्याला येतं. त्याने काळ पाळायला हवा का? स्टॅन्ली क्युब्रिकच्या 'बॅरी लिंडन'ने (१९७५) मला या प्रश्नावर फार काळ गुंतवून ठेवलं आहे. गोष्ट अठराव्या शतकातल्या युरोपची. मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग क्युब्रिकने खरोखर मेणबत्तीच्या उजेडात टिपले, आणि त्यासाठी नासाकरिता बनवलेल्या झाइसच्या भिंगांचा वापर केला. प्रकाशाच्या बाबतीत इतका कडक असलेला हा माणूस बॅरी आणि लेडी लिंडन यांच्या प्रेमप्रसंगाखाली शूबर्टची १८२७ची रचना लावतो. सिनेमाच्या शेवटी कागदावर जे साल दिसतं ते १७८९. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनी पुढचं संगीत. क्युब्रिकने याचं कारणही सांगितलं होतं. अठराव्या शतकातलं संगीत त्याने खूप ऐकलं, पण प्रेमातल्या शोकाचा जो सूर त्याला हवा होता तो तिथे मिळाला नाही.

आणि ते शोभतं. का, याचं मला सापडलेलं उत्तर असं की त्या सिनेमात एक निवेदक आहे. तो सगळं घडून गेल्यावर, मागे वळून सांगतो आहे. शूबर्ट त्या निवेदकाच्या काळातला आहे. पात्रं एकमेकांचं चुंबन घेत असतात आणि संगीताला त्यांचा शेवट आधीच माहीत असतो. बाहेरच्या संगीताला दुसऱ्या काळातून येता येतं, पण ते कुण्या एका माणसाचं असावं लागतं. आज कोण सांगतंय ही गोष्ट, कुठून सांगतंय, हे त्याला ठाऊक असावं लागतं.

आपल्या आताच्या ऐतिहासिक सिनेमांत ही जाणीव दिसत नाही. एका प्रसंगात संस्कृत मंत्रघोष, दुसऱ्यात विजेच्या गिटारची किंकाळी, तिसऱ्यात अरबी वळणाचा स्त्रीचा आलाप, आणि प्रत्येक घावासरशी छाती दडपून टाकणारा नगाऱ्यांचा गडगडाट. निवेदक दर दोन मिनिटांनी बदलतो. तोही ओरडतोच. लढाईत तलवारीला तलवार भिडल्याचा आवाज, घोड्याचं फुरफुरणं, चिलखतातून निघालेला कण्हण्याचा सूर, हे सगळं मागे दडपलं जातं. संभाजीराजांच्या शेवटच्या दिवसांसारखा प्रसंग ज्याला सांगायचा आहे, त्याने प्रेक्षकाच्या हृदयावर एवढा अविश्वास का दाखवावा? ती हकीकत मराठी माणूस लहानपणापासून काळजात घेऊन हिंडतो. त्याला आता कळवळ म्हणून सांगायला नगारे लागत नाहीत.

यावर उपाय नवा शोधायचाही नाही. तो प्रभातने १९३७ साली करून ठेवला आहे. व्ही. शांताराम यांच्या 'कुंकू'त केशवराव भोळ्यांनी पार्श्वसंगीत जवळजवळ टाकूनच दिलं. घरातले, रस्त्यावरचे, वस्तूंचे खरे आवाज तेवढे ठेवले. गाणी आली ती कुणीतरी त्या घरात गातं म्हणून, किंवा ग्रामोफोन वाजतो म्हणून. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेल्या नीराची घुसमट घड्याळाच्या ठोक्यांतून जितकी पोचते तितकी शंभर व्हायोलिननी पोचली नसती. 'संत तुकाराम' करणारा संगीतकार दुसऱ्याच वर्षी असा सिनेमा करतो, यात मला विसंगती दिसत नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे, इथे आवाज कुणाचा आणि तो कुणापर्यंत जायचा.

म्हणून पुढे कुणी शिवकाळावर सिनेमा करेल, तर त्याने संगीतकार चेन्नईचा घ्यावा की कोल्हापूरचा याची मला काळजी नाही. गडावरच्या गोंधळात संबळ वाजेल तेव्हा गोंधळी आणि देवी यांच्यामध्ये किती पावलं आहेत, हे त्याने मोजावं. पोवाडा झालाच तर तो दरबारातल्या माणसांनी ऐकावा, आणि ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते दाखवावं. आणि येसूबाईंच्या मनातलं काही गायचं असेल, तर त्यासाठी मुद्दल आपल्याकडे भरपूर आहे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यातल्या आणि इतर ठिकाणच्या खेड्यांत बायकांसोबत बसून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यातल्या अनेक त्या बायकांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित आहेत. भाऊ, नवरा, सासर, विठ्ठल, राम-सीता, सगळं त्यात आहे. नवरा मोहिमेवर गेलेल्या बाईला जे म्हणायचं असेल तेही त्यात सापडेल. संगीतकाराने चाल बांधायला बसण्याआधी त्या ओव्यांपैकी शंभर तरी ऐकाव्यात, आणि खुंटा फिरताना श्वास कुठे सुटतो तेवढं वहीत टिपून घ्यावं.